मोठ्या बाईंचे सात संडास

निवृत्त मास्तरणी एकत्र जमल्या की काय बोलतात? लोकांना वाटतं, कोणती मुलगी डॉक्टर झाली, कोणती परदेशी गेली, असंच काहीबाही बोलत असतील. आम्ही तिघी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणा एकीकडे जमतो. मी, गणिताच्या मेश्राम बाई आणि पी.टी.च्या भोयर बाई. पोह्यांची पहिली बशी संपायच्या आत आमची गाडी संडासावर येऊन थांबते! माझा मुलगा कपाळाला हात लावतो. म्हणतो, "आई, निदान खाताना तरी!"

पण आम्ही तरी काय करणार? बावीस वर्षं एकाच शाळेत काढली आणि मोठ्या बाईंच्या हाताखाली काढली. किस्से साठत गेले. एक सांगावा तर दुसरा दारात उभाच असतो, कडी वाजवत. बाकीच्यांच्या नोकरीच्या आठवणी दरवळतात म्हणे. आमच्याही दरवळतात. फिनाईलच्या!

*

माझी मुलाखत सहासष्ट सालच्या जूनमधली. महालातली मुलींची शाळा, चारशे मुली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका पांढरीपांडे बाई, नुकत्याच खुर्चीवर आल्या होत्या. उंच, सडसडीत, पांढरं पातळ, आणि आवाज असा की गच्चीवर दंगा करणारी मुलगी तळमजल्यावरच्या हाकेनं जिना उतरायची.

मी बी.एस्सी., बी.टी. वनस्पतीची पेशी, मुळं, खोडं, सगळं घोकून गेले होते. मोठ्या बाईंनी माझे कागद पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारलं,

"घरी संडास कोण धुतं?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्या वाट पाहत होत्या. घरी आई धुवायची. मी ठोकून दिलं, "मी!"

"कशानं?"

"पाण्यानं."

"आणि?"

मी जरा विचार केला. "भरपूर पाण्यानं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उद्यापासून या, ठोंबरे. खोटं बोलता, पण शिकाल."

*

शाळेच्या मागे कडुनिंबाखाली मुलींचे सहा संडास होते, ओळीनं. त्यातल्या चारांना आतून कडी नव्हती, एकाला कडी होती पण दार वाऱ्यानंही उघडायचं. पाणी आणायला अर्धं मैदान ओलांडून हौदावर जावं लागे. आणि स्टाफरूमला लागून सातवा होता, तो शिक्षिकांचा. त्याला भलं मोठं पितळी कुलूप. किल्ली खिळ्यावर. आतून आरशासारखा लख्ख. मी रुजू झाले तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

पहिल्याच एप्रिलमध्ये, सकाळची शाळा असताना, प्रार्थनेला शोभा नावाची आठवीतली मुलगी धाडकन पडली. नागपूरचं ऊन सकाळी आठलाच कानशिलं तापवतं. मी तिला सावलीत नेलं, माठातलं गार पाणी तोंडाशी धरलं. तिनं ओठ घट्ट मिटले.

"पी गं!"

"नको बाई."

"अगं, का नको?"

ती रडायलाच लागली. "पाणी प्यायलं की जावं लागते."

मोठ्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या तडक आठवीच्या वर्गात गेल्या आणि विचारलं, "सकाळपासून पाणी कोण कोण प्यायलं?" बेचाळीस मुलींत तीन हात वर झाले. त्या तिघी शाळेला लागूनच राहणाऱ्या!

दुसऱ्या दिवशी खिळ्यावर किल्ली नव्हती. सातव्याला कुलूप, आणि किल्ली मोठ्या बाईंच्या कमरेला.

"आजपासून हा बंद. आपण सगळ्या मुलींच्यातच जायचं."

स्टाफरूममध्ये काय गहजब झाला! भोयर बाईंचा आवाज सगळ्यांत मोठा. "बाई, तिथं कडी नाही!"

"अस्सं?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं. मुलींनी कधी सांगितलं नाही."

त्याच दुपारी भोयर बाई स्वतः इतवारीत जाऊन सहा बोल्ट आणि एक सुतार घेऊन आल्या. सुताराला खरं तर दुसऱ्या दिवशी यायचं होतं. भोयर बाईंनी त्याला सायकलवरून अक्षरशः उतरवून आणलं! तीन दिवसांत दारांना कड्या. आठवड्यात प्रत्येक दाराशी पाण्याचं पिंप आणि पत्र्याचा डबा. पंधरा दिवसांत आत उजेडाला वरची जाळी मोकळी. महिनाभरात असं झालं की सहाही संडासांत फरक कळेना, कोणताही उघडा आणि जा.

तेव्हा आम्ही शिष्टमंडळ घेऊन गेलो. म्हटलं, बाई, आता सातवा उघडा. त्यांनी लगेच किल्ली काढली. पण ती फिरेना, कुलूप तोडावंच लागलं. सातवाही त्यांनी मुलींना देऊन टाकला.

गिरिजाबाई, आमच्या शाळेच्या शिपाईण, विचारत्या झाल्या, "बाई, नवं कुलूप आणू काय?"

"कशाला?" मोठ्या बाई म्हणाल्या. "संडास आतून बंद करायचा असतो, बाहेरून नाही."

*

पुढच्या वर्षी मोठ्या बाईंनी नियम काढला. सातही संडास पाळीनं धुवायचे. आधी शिक्षिका, मग नववी-दहावीच्या मुली. खराटा, धुण्याचा सोडा, फिनाईल, सगळं शाळा देणार.

मेश्राम बाई तेव्हा नवीन होत्या. वडील गिरणीत, घरात शिकलेली ही पहिली. छप्पन साली धम्मदीक्षा झाली तेव्हा आईच्या बोटाला धरून मैदानावर गेलेली मुलगी. कमी बोलायच्या. त्या दिवशी उभ्या राहिल्या.

"बाई, माझ्या हाती खराटा येऊ नये म्हणून माझ्या आईनं गाव सोडलं. मी हात लावणार नाही."

मला वाटलं, आता मोठ्या बाई काय म्हणतात कोणास ठाऊक.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "मग पाळ्यांचं वेळापत्रक तुम्ही करा. सगळ्यांत आधी तुमचं नाव खोडा."

मेश्राम बाईंनी वेळापत्रक केलं. गणिताचं डोकं! सोमवार : पांढरीपांडे. मंगळवार : ठोंबरे. पुढे सगळ्या. त्यांच्या अक्षरातलं ते नावांचं पान मी अजून डोळ्यांपुढे आणू शकते. कोणाला सूट नाही, कोणाला दोनदा नाही.

आठवड्यात एका मुलीचे वडील तणतणत आले. कोट, टोपी, हातात काठी. मोठ्या बाईंनी त्यांना सरळ मेश्राम बाईंकडे धाडलं.

"माझ्या मुलीचं नाव काढा! आमच्या घरच्या मुली असली कामं करत नाहीत!"

मेश्राम बाईंनी शांतपणे वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "काढते. फक्त एक सांगा. ती वापरते का?"

"काय?"

"संडास. वापरत असेल तर नाव राहील. वापरत नसेल तर तसं लिहून द्या, आत्ता खोडते."

गृहस्थ काठी उचलून गेले. मुलगी त्या शनिवारी पाळीला हजर!

तिसऱ्या वर्षीचं वेळापत्रक लागलं तेव्हा शेवटच्या शनिवारसमोर एक नाव जास्तीचं होतं. त्यांच्याच अक्षरात : मेश्राम. का, असं अजूनही विचारलं की म्हणतात, "पोहे घ्या, गार होऊन राहिले."

*

शाळेची तपासणी होती. वरून साहेब आले. वर्ग पाहिले, वह्या पाहिल्या, प्रयोगशाळेतला माझा बेडूक पाहिला. मोठ्या बाई म्हणाल्या, "आता मागे चला."

गिरिजाबाईंनी पहाटेपासून घासूनपुसून सातही संडास तयार ठेवले होते. फरशी अशी की त्यात कडुनिंब दिसावा. साहेब पायरीवर पाऊल ठेवणार तोच त्यांनी खराटा आडवा धरला.

"साहेब, जोडे काढा!"

साहेब थबकले. "संडासात? जोडे काढून?"

"हाव! आत्ताच धुतलं मी. तुमच्या जोड्याले साऱ्या नागपूरची धूळ हाय!"

"अहो पण..."

"देवघरात काढता ना? मंग इथं काहून नाही? देव दिवसातून एकदा लागते, हे चारदा लागते!"

मोठ्या बाईंनी कडुनिंबाच्या शेंड्याकडे पाहायला सुरुवात केली. मी पदर तोंडात कोंबला. साहेबांनी निमूटपणे जोडे काढले. मग गिरिजाबाईंनी कोपऱ्यातल्या, खास आत जायच्या चपला पुढे केल्या. त्या मुलींच्या मापाच्या. गुलाबी! निम्मी टाच मागे लोंबकळत साहेब एकेक दार उघडत गेले, सातही पाहिले, चटक चटक चटक करत बाहेर आले.

शेरेबुकात त्यांनी इंग्रजीत पान भरून लिहिलं. खाली मराठीत एकच ओळ : "शिपाईणबाईंना माझा नमस्कार सांगावा."

मोठ्या बाईंनी ती वाचून दाखवली. गिरिजाबाई म्हणाल्या, "ते ठीक हाय. पन चपला जागेवर नाही ठेवल्या त्यायनं!"

*

भोयर बाई खाप्याच्या. कन्हानच्या काठावर वाढलेल्या, पोहण्यात पटाईत, पाच फूट आठ इंच उंच. त्यामुळे लग्न जमत नव्हतं, असं त्यांची आई म्हणायची. भोयर बाई म्हणायच्या, त्यामुळे नाही.

झालं असं की एक मोठं स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांनी आग्रहानं घर बघायला बोलावलं. रेडिओग्राम, गालिचा, काचेच्या कपाटात बाहुल्या. चहा झाला. मुलाच्या आईनं विचारलं, "काही विचारायचं असलं तर विचार हो."

"तुमचा संडास कुठे आहे?"

त्यांना वाटलं, पोरीला जायचं आहे. मागचं अंगण दाखवलं. भोयर बाई गेल्या, दोन मिनिटांत परत आल्या, आईला म्हणाल्या, "चल." रस्त्यात आईनं विचारलं तर म्हणाल्या, "रेडिओग्रामवर कशिद्याचं झाकण आहे, आणि संडासाला दार म्हणून गोणपाट! तिथं ही माणसं सुनेला पाठवणार."

ही गोष्ट अख्ख्या नात्यात पसरली. दोन वर्षं स्थळच नाही. मग सावनेरकडचे एक वसंतराव, नागपुरात ड्राफ्ट्समन. बोलणी करायला घरी बोलावलं तेव्हा ते स्वतःच उठले आणि म्हणाले, "या, आधी ते पाहून घ्या, मग चहा." दार लाकडी, कडी आतून, कोपऱ्यात ब्रश, खिडकीत कागदाच्या पुडीत साबण. भोयर बाईंनी विचारलं, "हे आज केलं की रोजचं?"

"दार आज रंगवलं," वसंतराव म्हणाले. "ओलं आहे, टेकू नका. बाकी रोजचं."

लग्न ठरलं!

लग्नात बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला. भोयर बाई उभ्या राहिल्या आणि भर मांडवात, पी.टी.च्या आवाजात म्हणाल्या,

"चांदीच्या ताटात संत्र्याची फोड,
वसंतरावांच्या संडासाला नागपुरात नाही तोड!"

मांडव कोसळायचाच बाकी राहिला! सासरे खुर्चीवरून घसरले. वसंतराव लाजून मुंडावळ्यांमागे गेले. पहिल्या रांगेत मोठ्या बाई बसल्या होत्या, त्या मराठी शिकवायच्या. त्या तेवढ्या हसल्या नाहीत. गलका थांबल्यावर म्हणाल्या,

"दुसऱ्या ओळीत मात्रा जास्त झाल्या, भोयर."

*

माझं लग्न झालं, पण घरीही सुटका नव्हती. शाळेत प्रत्येक दाराच्या मागे एक तक्ता असे : तारीख, कोणी धुतला, सही. आमच्याकडे फ्लशचा संडास झाला तेव्हा मीही तसाच तक्ता लावला. यजमान म्हणाले, "घरात हेडमास्तरीण नको!" पण सही करू लागले. सासरे तर शेरेही मारत : "पाणी कमी." "साखळी जोराने ओढू नये."

सासूबाई गावाकडच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांची पाळी बुधवारची. धुवायच्या सगळ्यांत चांगला, पण तक्त्यावर शाईचा अंगठा. एक दिवस मला म्हणाल्या, "सूनबाई, साऱ्यायच्या सह्या दिसतात, अन् माझं हे काय शाईचं शेण दिसून राहिलं? मले नाव लिहाले शिकव."

त्या दारामागेच शिकवलं. खडूनं दारावर 'न' काढायची, मग 'र्म'. तो 'र्म' फार दिवस छळत होता. दिवाळीच्या सुमारास एका बुधवारी तक्त्यावर वाकडीतिकडी, पण पुरी सही : नर्मदा.

पुढे एकदा पोस्टमन त्यांच्या नावचं रजिस्टर पत्र घेऊन आला. सवयीनं त्यानं शाईची डबी पुढे केली. सासूबाई म्हणाल्या, "ते ठेव. पेन आण."

पोस्टमन चकित. सही पाहून म्हणाला, "अरे वा, आजी! कुठं शिकल्या?"

सासूबाई ताठ मानेनं म्हणाल्या, "संडासात!"

*

जळगावला मुख्याध्यापकांचं संमेलन होतं. मोठ्या बाई मला सोबत घेऊन निघाल्या. सकाळची गाडी, दुसऱ्या वर्गाचा डबा. त्यांच्या पिशवीत भाकरी, पिठलं, एक खराटा आणि फिनाईलची बाटली. मी विचारलं नाही, इतकी वर्षं झाली होती.

बुटीबोरी यायच्या आत त्या पदर खोचून डब्याच्या संडासात शिरल्या. पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या तर एक धोतरवाले व्यापारी दारात. त्यांनी मोठ्या बाईंचं पांढरं पातळ, हातातला खराटा पाहिला आणि म्हणाले, "बाई, तिकडचाही करून टाक. फार घाण आहे."

मी उठणार होते. बाईंनी डोळ्यांनी मला बसवलं. तिकडचाही धुतला. मग त्या व्यापाऱ्यासमोर येऊन खराटा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"वर्ध्यापर्यंत मी केलं. बडनेऱ्यापर्यंत तुम्ही."

"मी?"

"वापरणार आहात ना?"

डब्यातले लोक हसायला लागले. व्यापारी लालबुंद. पण मोठ्या बाईंचा आवाज! त्या माणसाला बहुधा त्याची शाळा आठवली. पुलगाव गेल्यावर तो उठला, धोतर खोचलं आणि गेला. बाहेर आला तो असा ऐटीत की आता दुसऱ्या कोणाला घाण करूच देणार नाही! दाराशी उभं राहून आत जाणाऱ्या प्रत्येकाला बजावत होता, "पाणी टाका हं! दोन डबे!"

बडनेऱ्याला त्यानं खराटा एका कॉलेजच्या पोराला दिला, अगदी ऑफिसात चार्ज देतात तसा. अकोल्याला एक फौजी. मलकापूरला एक नवरा-बायको, दोघं मिळून, लाजत लाजत.

भुसावळ आलं, टी.सी. चढला. तिकिटं पाहायच्या आधी त्याला जायचं होतं. आत गेला. बाहेर आला तो गोंधळलेला. डब्यावरचा नंबर पाहिला, बाकं पाहिली, आम्हाला पाहिलं आणि त्या व्यापाऱ्याला हळूच विचारलं,

"हा फर्स्ट क्लास आहे का हो?"

*

चौऱ्याहत्तर साली दिवाळीनंतर नववी-दहावीची सहल चिखलदऱ्याला निघाली. चाळीस मुली, मोठ्या बाई, मेश्राम बाई, भोयर बाई, मी. तेव्हा रस्त्यात बायकांसाठी कुठे काही नसायचं. पुरुष गाडी थांबवून झाडामागे जात. मुली दात आवळून बसत.

त्यावर भोयर बाईंनी एक युक्ती काढली होती. गर्ल गाईडचा जुना हिरवा तंबू त्यांनी उसवला आणि घरच्या मशीनवर नव्यानं शिवला. चार बांबू, चारी बाजूंनी कापड, पुढे आत-बाहेर करायला पडदा, वर उघडं आभाळ. सोबत फावडं आणि राखेचं पोतं. खड्डा खणायचा, काम झालं की राख टाकायची, निघताना बुजवायचा. दहा मिनिटांत उभा, पाच मिनिटांत गुंडाळून बसच्या टपावर!

तळेगावच्या पुढे दुपारी बारा-साडेबाराला आम्ही थांबलो. दोन्ही बाजूंना पांढराशुभ्र कापूस, कुठे आडोसा नाही. रस्त्यापासून थोडं आत तंबू उभा केला. मुली रांगेत. भोयर बाई पडद्याशी शिट्टी घेऊन.

कुठून कळलं कोण जाणे, शेतांतून माणसं यायला लागली. आधी दोघं, मग दहा, मग वीस-पंचवीस. बाप्ये, बाया, पोरं. आली आणि तंबूपासून जरा अंतरावर जमिनीवर मांडी घालून बसली. कोणी बिडी पेटवली. कोणी पोराला खांद्यावर घेतलं. सगळ्यांचे डोळे पडद्यावर!

मुलींची बिचाऱ्यांची पाचावर धारण. रांग जागच्या जागी थिजली.

एक म्हातारा पुढे झाला. भोयर बाईंना आदबीनं म्हणाला, "बाई, खेळ कोणता हाय? जादूचा का बाहुल्यायचा?"

"कसला खेळ?"

"आता काहून लपवता! मी केव्हाचा पाहून राहिलो ना. एक पोरगी रडकं तोंड करून आत जाते, अन् हसत बाहेर येते! जादूच हाय ते!"

मेश्राम बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मोठ्या बाईसुद्धा पाठ फिरवून उभ्या राहिल्या, खांदे हलत होते. मुली एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. भोयर बाईंची शिट्टी मात्र तोंडातच राहिली.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी उठली. ओटीत वेचलेला कापूस, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. ती भोयर बाईंजवळ आली आणि कानाशी पुटपुटली. भोयर बाईंनी तिच्या कानात सांगितलं.

म्हातारीनं तंबूकडे पाहिलं. मुलींकडे पाहिलं. मग अशी गर्रकन वळली!

"उठा गा! उठा साऱ्या बाप्यायनं! काय पाहून राहिले? तुमच्या घरी मायबहिनी नाहीत काय? चाला आपापल्या वावरात!"

बिड्या विझल्या, पोरं खांद्यावरून उतरली. तो म्हातारा तर सगळ्यांत पुढे पळाला. दोन मिनिटांत एकही बाप्या दिसेना. बाया तेवढ्या बसून राहिल्या, पदर डोळ्यांवर ओढून.

मुलींचं आटोपलं. भोयर बाई बांबू उपसायला वाकल्या तर म्हातारी तिथंच उभी.

"बाई, मी जाऊ काय आत?"

"जा ना, आजी. जा!"

तिनं ओटीतला कापूस सोडून माझ्या हातात दिला आणि पडद्याआड गेली. बराच वेळ झाला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मोठ्या बाईंनी त्याला हातानंच थांबवलं. पडदा हलला, म्हातारी बाहेर आली. डोळे किलकिले करून वर उन्हाकडे पाहत राहिली, जणू ऊन आत्ताच पडलं होतं.

"बाप्पा!" ती म्हणाली. "लगन होऊन या गावात आली, तवापासून अंधारातच जाते मी. पहाटे उठून, नाही तं दिवस बुडाल्यावर. साप पाहिले, इंचू पाहिले, लोकायच्या बॅटऱ्या पाहिल्या. दिवसाउजेडी आज पहिल्यांदा गेली!"

बसलेल्या बायांतली एक, पाच-सहा महिन्यांची गरोदर, हळूच उठून उभी राहिली. तिच्यामागे आणखी एक.

भोयर बाईंचा हात बांबूवर तसाच होता. त्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"सोडू नका तंबू, भोयर," मोठ्या बाई म्हणाल्या.

"पण बाई, पुढे आपल्या मुली..."

"पुढचं पुढे पाहू. फावडं पण राहू द्या. आणि राख."

भोयर बाईंनी म्हातारीला सगळं दाखवलं. खड्डा किती खोल, राख किती, भरला की बुजवून तंबू दुसरीकडे कसा न्यायचा, बांबू कसे ठोकायचे. म्हातारी एकेक गोष्ट दोनदा विचारून घेत होती. माझ्या हातातला कापूस परत घ्यायचं मात्र विसरली. आम्ही चढलो, बस निघाली.

मागच्या काचेला सगळ्या मुली चिकटल्या होत्या. मीही. तंबूपुढे दहा-बारा बायांची रांग लागली होती, हातात डबे, डोक्यावर भर दुपार. म्हातारी फावडं खांद्यावर टाकून पडद्याशी पहाऱ्याला उभी. बहुतेक आतली बाई सवयीनं घाई करत असावी. कारण धुळीत दिसेनासं व्हायच्या आधी म्हातारीचा आवाज आमच्यापर्यंत खणखणीत आला,

"सावकाश वं, माय, सावकाश! सूर्य डोक्यावर हाय अजून!"